शेवटच्या फळीची फट

८ ऑक्टोबर

आलो बाबा एकदाचे! टेम्पो गामगोल गावाच्या शेवटच्या चढावर दोनदा बंद पडला, किमचीचा बुधला वाटेत कलंडून सगळ्या गाद्यांना त्याचा वास लागला, आणि कंबर तर आता माझी राहिलेलीच नाही. पण आलो. सुनिम उतरली ती सामानाकडे ढुंकूनही न बघता तडक ओसरीवर जाऊन बसली. पाय खाली सोडले, समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि चक्क हसली. बुसानच्या त्या अकराव्या मजल्यावर बायको शेवटची कधी हसली होती, मला आठवत नाही. हसता हसता खोकला आला. तो मात्र नेहमीसारखाच, पोटातून, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून.

उन्हाळ्यात तिच्या उजव्या फुप्फुसाचा एक तुकडा काढला. डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता कोरडी हवा, ऊन आणि धीर. धीर माझ्याकडे कधीच नव्हता, म्हणून मी ऊन विकत घेतलं. हे घर म्हणजे दोन लहान खोल्या, एक स्वयंपाकघर आणि त्यांच्यापुढे ही लांबलचक लाकडी ओसरी, दक्षिणेकडे तोंड करून. दुपार कलेपर्यंत ऊन हलत नाही. सुनिमनं इथं बसायचं, वळचणीला वाळत टांगलेली पर्सिमनची फळं बघायची आणि बरं व्हायचं. बाकी माझी काही मागणी नाही.

फक्त ओसरीची दशा बघवत नाही. फळ्या राखेच्या रंगाच्या झाल्यात, शिरा वर आल्यात, सुनिमच्या तळहातात पहिल्याच दिवशी कुसळ गेलं. फटींतून खालचा ओला गारवा वर येतो आणि थेट तिच्या पाठीत शिरतो. पण आता गाठ माझ्याशी आहे. 'तक वॉटरप्रूफिंग'मधला तक म्हणजे मी. अर्ध्या बुसानच्या गच्च्यांवरचा हिरवा लेप माझ्या हातचा आहे. पाणी तुझं नाव ऐकून वाट बदलतं, असं माझा भागीदार म्हणायचा, आणि तो काही माझी स्तुती करणाऱ्यांतला नव्हता.

११ ऑक्टोबर

सरपंच येऊन गेला. नामगुंग आडनाव, माझ्याच वयाचा, पायात चिखलाचे गमबूट, हातात तांदळाच्या दारूची बाटली. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच म्हणाला की शहरातली माणसं इथं येतात, भाजी लावतात, ती हरणांना खाऊ घालतात आणि परत जातात, तर तुम्ही किती दिवस? मी म्हटलं, जायच्या आधी हरणांचंही वॉटरप्रूफिंग करून देईन. खो खो हसला आणि बाटली उघडली. माणूस आवडला मला. सुनिमनं पातीच्या कांद्याची धिरडी केली, ती एकट्यानंच संपवली त्यानं, वर तिला म्हणाला की वहिनी, तुमचा खोकला आमच्या डोंगराला ऐकवा, आठवड्यात पळून जाईल.

ओसरी कशी बांधलीय ते त्यानंच दाखवलं. एकही खिळा नाही. दोन्हीकडच्या तुळयांना खाच पाडलेली, फळ्या एकामागून एक खाचेत सरकवलेल्या, आणि शेवटची फळी वरून ठोकून बसवलेली. ओसरी सोडवायची झाली तर ती आधी काढायची. बाकी कुठूनही हात घालता येत नाही, कारण खालची बाजू दगडमातीनं लिंपून बंद केलीय, मांजर जाईल एवढे दोन झरोके काय ते उघडे. ही शेवटची फळी बरोबर सुनिमच्या खोलीच्या दारापाशी येते. बाकीच्यांपेक्षा सुकी, आणि भिंतीकडच्या टोकाला बोट जाईल एवढी फट.

इकडे दर शरदात ओसरीला वाटलेलं सोयाबीन आणि रानतिळाचं तेल चोळतात, तोच त्यांचा लेप. ही फळी मात्र कुणी चोळत नाही म्हणे, आणि फटही बुजवत नाहीत. त्याला श्वास घ्यायला जागा असू द्या, असं म्हणाला आणि पेला उपडा ठेवून उठला. घ्या! लाकडाला श्वास लागतो हे आता हा मला शिकवणार. मी हो हो म्हटलं.

१४ ऑक्टोबर

सकाळी दात घासत बाहेर आलो तर एक म्हातारी ओसरीवर गुडघे टेकून बसलेली. ओळख ना पाळख. शेजारी पातेल्यात भिजवून वाटलेलं सोयाबीन, तेलात कालवलेलं. त्याची फडक्यात पुरचुंडी बांधून ती फळ्या चोळत होती, अगदी आपल्या घरात असल्यासारखी. विचारलं तर खरंच तिचंच घर निघालं. जॉमरे आजी. हे तिचं माहेर, पुतण्यानं विकलं, तिला सांगायच्या आधी. बाजारातली तेलाची घाणी तिची. ऐंशी कधीच उलटलीय, तरी हात चालतात.

मी म्हटलं, आजी, उठा, माझ्याकडे कंपनीचा लेप आहे, तीन हात दिले की दहा वर्षं बघायला नको. म्हणाली, दहा वर्षांनी बघायला मी कुठं असणार आहे! मग तिनं नीट चौकशी केली, कसा असतो, पाणी आत जातं का. मी छाती फुगवून सांगितलं की पाणी सोडा आजी, हवासुद्धा जात नाही. तिचे हात थांबले. मग सगळीकडे दे हवं तर, ती फळी सोड, म्हणाली. त्याला श्वास घेऊ दे, बाबा.

मी समजावलं की झरोके मोकळे करून त्यांना जाळी बसवतो, खालून हवा खेळती राहील, लाकूड सडायचं नाही. तिला ऐकू कमी येत असावं, कारण मी जाळीचं बोलत होतो आणि ती नुसती नाही नाही अशी मान हलवत होती. शेवटी पातेलं तिथंच सोडून गेली. सुनिमनं माझी चांगलीच खरडपट्टी काढली. म्हातारी स्वतःहून दारात आली आणि तुम्ही तिला हाकललीत, घर विकत घेतलंत, तिच्या सवयी नाही घेतल्यात, असं म्हणाली. भांडताना खोकला येत नाही तिला, हे एक बरं आहे.

१९ ऑक्टोबर

काम जोरात. पहिल्या दिवशी ब्रशनं धुऊन काढली, मग तीन दिवस वाळवली, काल आणि आज घासली. वरचा राखाडी थर उतरला आणि खालून जे लाकूड निघालं, वा! मधासारखा रंग. सुनिम चटई घेऊन अंगणात बसली होती. म्हणाली, एवढ्या प्रेमानं तुम्ही माझ्या पाठीलाही कधी तेल लावलं नाहीत. मी म्हटलं, तुझ्या पाठीला फटी नाहीत.

लाकडाचा बारीक भुसा गोंदात कालवून सगळ्या फटी भरल्या. ही माझी खरी कला आहे. फळी कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, हात फिरवून सांगता येणार नाही. शेवटच्या फळीची फट खोल निघाली, भरतोय भरतोय तरी आत जातंय. बोट घातलं तर आधी गार लागलं आणि मग कोमट. ओलावा मोजायचं यंत्र बाकी सगळीकडे कोरडं दाखवतं आणि तिथं ओलं. उन्हात भाजलेली फळी ओली कशी? खालून कुठून तरी दमट हवा येत असणार. म्हणजे फट बुजवायलाच हवी होती. हीटर लावून वाळवली आणि ठासून भरली.

फळी सोडायची ठरवलं असतं तर सोडली असती. पण ती नेमकी सुनिमच्या दारात आहे. तिथूनच गारवा तिच्या अंथरुणात जातो. झाडाच्या श्वासासाठी मी माझ्या बायकोचा श्वास पणाला लावायचा?

२४ ऑक्टोबर

तिसरा हात दिला. काचेसारखी दिसतेय. दहिवर पडायच्या आत काम आटोपलं, थंडी वाढली असती तर लेप धरला नसता. सुनिम मोज्यांनी घसरत घसरत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, साठीची बाई, आणि आता पडेल म्हणून मी मागून धावत होतो.

संध्याकाळी सरपंच आला. आल्या आल्या तोंडभर कौतुक केलं, मग बूट काढून वर चढला आणि वाकून काहीतरी शोधायला लागला. विचारलं की ती फळी कुठंय. मी म्हटलं, ओळखा पाहू! त्याला ओळखता येईना. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर विचार करावा लागला. दारूचा पेला पुढं केला तर नको म्हणाला. हा नको म्हणाला! आजीला कळलंय का, एवढंच विचारलं आणि बुटांत पाय नीट न घालताच निघून गेला. जळतात लोक दुसऱ्याच्या कामावर, दुसरं काय.

२७ ऑक्टोबर

सुनिमच्या दारापाशी लेपाखाली पांढरा डाग आलाय, तळहाताएवढा. आत ओल अडकली की असा धुरकट डाग येतो, गच्चीवर शंभरदा बघितलाय. तेवढा भाग घासून पुन्हा दोन हात दिले. नामुष्कीच झाली, पण कुणाला कळायचं कारण नाही.

३० ऑक्टोबर

सुनिमचा खोकला थांबला!

काल दिवसभर एकदाही नाही, आज एकदाही नाही. मी मुद्दाम बोललो नाही, दृष्ट लागेल म्हणून. आज मात्र राहवलं नाही, लेकीला फोन केला. हेरान फोनवर रडायलाच लागली. माझा जीव भांड्यात पडला. एवढे महिने रोज तो खोकला ऐकत झोपलो, माझ्याच छातीवर कुणी घण घालतंय असं वाटायचं. कोरडी हवा, ऊन आणि माझा लेप. डॉक्टरांना पेढे द्यायला हवेत.

२ नोव्हेंबर

डाग परत आला. त्याच जागी नाही, वीतभर अलीकडे. ओल हलत नाही अशी. एकदा अडकली की तिथंच राहते. हा सकाळी एकीकडे असतो आणि दुपारी दुसरीकडे. शेजारी बसून बघितलं. धुरकट होतो, मग निवळतो. पुन्हा धुरकट होतो, मग निवळतो. आरशावर तोंडानं वाफ सोडावी तसा. मी बराच वेळ बसून होतो आणि मग लक्षात आलं की मी स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर घेतोय. उठून आत गेलो.

सुनिम हल्ली टाचा उचलून चालते. भांडं ठेवतानाही आवाज करत नाही. मी म्हटलं, चोर आहेस का? ओठांवर बोट ठेवलं तिनं. दुपारी सरपंच येताना दिसला, गमबूट घालून, पायरीच्या दगडावर त्याचा पाय पडला मात्र, ही तोंडावर दोन्ही हात दाबून गाद्यांच्या कपाटात शिरली. तो जाईपर्यंत आतच. बाहेर काढली तर घामानं भिजलेली. विचारलं, काय झालं? म्हणाली, बूट.

५ नोव्हेंबर

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. कारण आज सकाळी थंडीत आम्ही दोघं विहिरीपाशी उभे होतो, माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि तिच्या निघत नव्हती.

डॉक्टर तरुण आहे, पण त्याचं तोंड उतरलं. रक्तात प्राणवायू कमी आहे. खोकते का, विचारलं. मी फुशारकीनं सांगितलं, एक आठवडा झाला, एकदाही नाही. तो माझ्यावर ओरडलाच. म्हणाला, काका, खोकल्यानंच कफ बाहेर पडतो, त्या खोकतच नाहीत, दाबून धरतायत, उरलेलं फुप्फुस भरत चाललंय. त्यांना खोकायला लावा. असंच राहिलं तर फार दिवस निघणार नाहीत.

दाखल करतो म्हणाला. सुनिमनं दाराची कडी धरून ठेवली, सोडेना. मला घरातून हलवलंत तर त्यांना कळेल, असं कुजबुजली. कुणाला कळेल? औषधं घेऊन परत आणली. परत आणायला नको होती.

परत आलो तर डाग तिच्या उंबऱ्याला टेकलेला.

७ नोव्हेंबर

खोकला ऐकू आला.

भर दुपारी. सुनिम माझ्यासमोर बसून भात चिवडत होती, तोंड मिटलेलं. खोकला तिचाच होता. तो पोटातून येणारा, शेवटी थोडा फाटणारा, मी हजारांत ओळखेन. आला खालून. फळ्यांखालून.

तसाच घाणीवर गेलो. जॉमरे आजीनं मला बघितलं आणि घाणी बंद केली. बुजवलीस ना, म्हणाली. मग सांगितलं. तिच्याच शब्दांत लिहितोय, जमेल तेवढं.

युद्धाच्या वर्षी तिचा थोरला भाऊ मानसोक त्या ओसरीखाली लपला होता. शिपाई दोन्ही बाजूंचे यायचे आणि दोन्ही बाजूंना तरणी पोरं हवी असायची. शेवटच्या फळीखाली खड्डा खणला, बसता येईल एवढा, चारी बाजूंनी दगड चिणले, म्हणजे झरोक्यातून कुणी कंदील धरला तरी दिसू नये. फळी उचलायची, भाताचा गोळा द्यायचा, फळी बसवायची. तो फटीला तोंड लावून श्वास घ्यायचा. ओलीनं छाती भरली त्याची, खोकला लागला. एका दुपारी शिपाई आले, बूट न काढता ओसरीवर बसले, जेवायला मागितलं. खालून खोकला आला तशी आई मोठ्यानं खोकली. पुन्हा आला, आई पुन्हा खोकली. तेव्हा एक शिपाई हसून म्हणाला, काकू, तुमचा खोकला जमिनीतून येतो की काय?

आईनं सोयाबीनचं पातेलं आणलं. ओसरी फार घाण झालीय बाई, असं म्हणत त्यांच्या बुटांमधून चोळायला लागली. चोळत चोळत त्या फळीपाशी गेली आणि फट लिंपून टाकली. आजी तेव्हा लहान, पातेलं धरून शेजारी होती. खोकला थांबला. शिपाई दिवस मावळेपर्यंत बसले.

त्याला डोंगरावर पुरलं. पण आई म्हणायची, माझा पोर कुठं गेलेला नाही. तिनं मरेपर्यंत ती फट उघडी ठेवली, मग आजीनं. त्याला श्वास घेऊ दे. मी समजलो लाकडाला. लाकडाला!

त्याची फट मी बंद केली आणि त्यानं जवळचा श्वास धरला. सुनिमचा.

८ नोव्हेंबर

फळी सापडत नाही. सुनिमच्या दारापाशी आहे एवढं ठाऊक, पण नेमकी कुठून कुठवर ते कळत नाही.

तासून घेतलेला एक पृष्ठभाग, सांधा म्हणून नाही. पहार लावायला जागा नाही. ठोकून बघितलं, सगळीकडे एकच आवाज. वीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो, सांधा दाखवा आणि पैसे परत घ्या.

आजीचा पाय तेलाच्या घाणीत अडकून सुजलाय, चढ चढवत नाही. सरपंच तिला उद्या पाठीवर आणतो म्हणाला. फळी तिला बरोबर ठाऊक आहे.

वाट बघवेना. लाकूड कापायचं यंत्र सुरू केलं, कुठंतरी कापू म्हटलं. सुनिम आतून आली आणि आडवी झाली फळ्यांवर. तोंडावर हात. ओठ निळे. मान हलवत होती, नाही, नाही. यंत्र बंद केलं तेव्हा कुठं डोळे उघडले. कानाशी तोंड आणून म्हणाली — अजून बसलेत ते.

हेरानला फोन केला. उद्या दुपारी गाडी घेऊन येते. उद्या हिला उचलून गाडीत घालायची, ओरडली तरी. मग ही ओसरी कुऱ्हाडीनं फोडतो. एक रात्र. मी तिचा हात धरून बसतो.

९ नोव्हेंबर

माझा डोळा लागला.

अंथरूण कोमट. सुनिम नाही.

तिचे बूट पायरीच्या दगडावर आहेत. दोन्ही. चपलाही. अंगणभर दहिवर पडलंय, त्याच्यावर एकही पाऊल नाही. ती घराबाहेर गेलेलीच नाही. घरात नाही. कपाट, न्हाणीघर, चुलीमागं, सगळं —

ओसरीचा लेप तसाच. एक ओरखडा नाही.

९ नोव्हेंबर, सकाळीच

गाव गोळा झालं. घाईत कुणी बूट काढले नाहीत, सगळे ओसरीवर, इकडून तिकडे, वहिनी, वहिनी, हाका. मी सांगतोय ती खाली आहे, तर माझ्याकडे बघतात. झरोक्यातून बॅटरी मारली. दगडांची भिंत दिसते फक्त. लेपाला तडा नाही, मग माणूस खाली जाईल कसा? धरणाकडे बघायला हवं, म्हणाले. याला कुणीतरी बसवा, म्हणाले.

तेव्हा डाग दिसला. आता तळहाताएवढा नाही. माणसाएवढा. पाय पोटाशी घेतलेला. कुणाचा बूट जवळ पडला की निवळतो. पूर्ण निवळतो. कारण ती श्वास रोखून धरते. त्यांच्या बुटांना घाबरून माझी बायको खाली श्वास धरून बसलीय आणि ते तिच्या डोक्यावरून चालतायत —

ओरडलो. उतरा! उतरा खाली सगळे!

सरपंचाला कळलं. एकट्यालाच. बूट काढून छातीशी धरले आणि रडायला लागला. सगळ्यांना डोंगराकडे पिटाळलं त्यानं. आजीला घेऊन येतो म्हणाला, पळत.

९

कुणी नाही आता. पालथा पडून लिहितोय. बोललो की ती श्वास धरते, म्हणून कागदावर बोलतोय.

डाग येतो. जातो. येतो. मधला वेळ वाढतोय.

आजी अजून नाही.

यंत्र हाताशी आहे. पण डोकं कुठं, पाय कुठं? डाग हलतो. आत्ता माझ्या कोपराखाली होता, आता भिंतीशी, नुसता बोटभर. चुकीच्या जागी कापलं तर —

आला. लहान होता.

सुनिम. मी आहे गं. अनवाणी आहे. सगळे गेले, देवाशपथ गेले. एक शिपाई राहिलेला नाही. दाबू नकोस. तो डॉक्टर म्हणाला ना, दाबायचं नाही —

येत नाहीये.

लवकर. खोक. एकदा खोक गं माझे आई, फक्त एकदा, म्हणजे कुठं कापायचं ते मला —